पेन्शन का थांबली, हे बघायला कोणी आलं नाही

पलटणीत रोज संध्याकाळी रोल कॉल व्हायचा. कंपनी फॉल-इन झाली की सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर, आकडा घ्यायचा. इतके हजर, इतके सुट्टीवर, इतके एमएचमध्ये म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात, इतके गार्डवर. बेरीज जुळलीच पाहिजे. एक माणूस कमी भरला तर तो कुठे आहे ते कळेपर्यंत कोणी जेवायला लंगरकडे हलत नसे. मी क्लार्क होतो. रोजची परेड स्टेट, म्हणजे हजेरीचा तक्ता, माझ्या टेबलावरून पुढे जायची, त्यामुळे हा आकडा माझ्या हाडात मुरलेला आहे. एखादा जवान आज रात्री कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही, असं फौजेत होत नाही.

मग एक दिवस डिस्चार्ज बुक हातात पडतं, नाव बटालियनच्या आकड्यातून वजा होतं, आणि माणूस काळी ट्रंक घेऊन गावाच्या एसटीत बसतो. त्यानंतर त्याची हजेरी कोण घेतं? पहिली वीस-पंचवीस वर्षं हा प्रश्न पडत नाही. बायको असते, मुलांची शिक्षणं असतात, सिक्युरिटीची नाहीतर बँकेच्या गार्डची नोकरी असते. प्रश्न पडतो पंच्याहत्तरीनंतर.

आमचा सातारा जिल्हा फौजी जिल्हा म्हणून ओळखला जातो. खटाव, माण, कोरेगावकडे पाऊस कमी आणि भरती जास्त, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. गावात प्रत्येक फौजीला लोक ‘मेजर’ म्हणतात, मग तो शिपाई म्हणून पेन्शन आलेला असो की सुभेदार. प्रेमाने म्हणतात. पण त्या ‘मेजर’चा नंबर काय, रेजिमेंट कोणती, तो कुठल्या लढाईत होता, हे विचारा. दहातल्या नऊ गावकऱ्यांना सांगता येत नाही. घरच्यांनाही येत नाही.

मी पेन्शनवर आल्यावर सीएससी, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांचं केंद्र टाकलं. सात-बारा, आधार, पीक विमा, आणि अर्थातच माजी सैनिकांचे कागद. एके दिवशी शेजारच्या वाडीवरची एक बाई पदराखालून पासबुक काढून म्हणाली, “दादा, आमच्या शेजारच्या तात्यांचं पैसं का येईनात बघा की. चार महिनं झालं.” तात्या माजी सैनिक, नाईक हुद्द्याचे. त्यांची पेन्शन स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेवर होती आणि ती थांबलेली होती. कारण साधं: हयातीचा दाखला गेलेला नव्हता. तात्या घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, ते खाटेवरून उठत नव्हते. तालुक्याला जाऊन बोट टेकवणार कोण?

हे नीट समजून घ्या, कारण सगळं इथेच आहे. दाखला आला नाही की यंत्रणा पैसे थांबवते. नियम म्हणून त्यात काही चूक नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने पेन्शन जाऊ नये, हे बरोबरच आहे. पण दाखला न येण्याचा अर्थ दोनपैकी एक असतो. माणूस गेला, किंवा माणूस इतका अडचणीत आहे की त्याला दाखला देता येत नाही. दोन्ही वेळा कोणीतरी त्याच्या दारात जायला हवं. पैसे थांबवायला यंत्रणा आहे, दारात जायला नाही. तात्या चार महिने त्या बाईच्या भाकरीवर जगले, आणि या चार महिन्यांत ‘हा नाईक कुठे गेला’ असं देशात कोणीही विचारलं नाही.

पूर्वी हयातीचा दाखला म्हणजे नोव्हेंबरची जत्रा असायची. बँकेसमोर पंचवीस-तीस म्हातारे, धुतलेला पायजमा, डोक्याला टोपी, कोणाच्या छातीवर फितींची पट्टी. रांगेत शिव्या द्यायचे, पण रांगेतच एकमेकांना दिसायचे. “अमका आला नाही यंदा” हे तिथे कळायचं आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी सायकलवरून त्या गावी जायचं. तीच त्यांची वर्षाची हजेरी होती. १० नोव्हेंबर २०१४ला जीवन प्रमाण, म्हणजे आधारवरून निघणारा ऑनलाइन हयातीचा दाखला सुरू झाला, नंतर चेहरा दाखवूनही दाखला निघू लागला, पोस्टमन घरी येऊन बोट घेऊन जाऊ लागला. बोटांचे ठसे झिजलेल्या शेतकरी म्हाताऱ्यांचे हाल यामुळे खरोखर कमी झाले. माझं स्वतःचं पोट या कामावर आहे, त्यामुळे मी या सोयीच्या विरोधात बोलत नाही. पण रांग गेली तशी भेटही गेली. फौजी कँटीनचंही तसंच. कार्ड मुलाकडे, मुलगा मोटारसायकलवर जाऊन सामान आणतो, म्हातारा घरी. दर सोयीने एकेक भेट कमी केली आणि त्या भेटीच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही.

तात्यांचा दाखला मी मोबाइल घेऊन जाऊन त्यांच्या खाटेशीच काढला. काही दिवसांनी थकलेली रक्कमही आली. पण त्या खोलीत जे बघितलं ते पैशाने सुटण्यातलं नव्हतं. मी विचारलं, “तात्या, तब्येत कशी आहे?” ते खाटेवर ताठ व्हायला बघत म्हणाले, “एकदम ठीक, साहेब.” उशाशी औषधाची पाकिटं होती. एकाही पट्टीतली गोळी फोडलेली नव्हती. पायाची नखं वाढून वळली होती. पाण्याचा तांब्या हाताला लागणार नाही इतका लांब होता, कारण शेजारीण सकाळी घाईत ठेवून गेलेली.

म्हणून एकट्या म्हाताऱ्यांकडे जाणाऱ्या आमच्यातल्या नव्या माणसाला मी पहिली गोष्ट सांगतो ती ही: जुन्या फौजीला ‘कसे आहात’ विचारू नका. त्याला पंधरा-वीस वर्षं ‘सब ठीक है’ असा रिपोर्ट द्यायची सवय लागलेली आहे, आणि तो मरेपर्यंत तोच रिपोर्ट देणार. चूल बघा. गोळ्यांची पट्टी बघा. नखं बघा. तांब्या कुठे आहे ते बघा.

तात्यांना दोन मुलगे. एक पुण्याला, एक वाशीला. वाचणाऱ्याला लगेच त्या मुलांचा राग येईल. मला येत नाही, निदान पूर्वीइतका नाही. फौजी बाप वर्षातून दोन महिने सालाना सुट्टीवर यायचा. मुलगा जन्मला तेव्हा बाप सीमेवर, पहिली-दुसरीला गेला तेव्हा बाप सीमेवर, आणि जेव्हा बाप कायमचा घरी आला तेव्हा मुलगा मिसरूड फुटलेला. त्याला घरात अचानक एक कडक आवाजाचा माणूस दिसायला लागला, जो बादली कुठे ठेवायची यावरून ओरडतो. काही घरांत दारूही होती, ते का लपवायचं. या बाप-लेकांमध्ये बोलणं चालायचं ते आईमार्फत. फोन आईला यायचा, आई म्हणायची ‘यांच्याशीपण बोल’. आई गेली की फोन हळूहळू बंद पडतो. एकट्या पडलेल्या फौजींची मी जितकी घरं बघितली, त्यातल्या बहुतेकांत एकटेपणा सुरू झाला तो बायकोच्या तेराव्यानंतर. त्यामुळे माझं मत असं झालंय की फौजीची बायको वारली, हीच आपली धोक्याची घंटा समजायची. त्या महिन्यातच माणूस नेमायचा. खुबा मोडायची वाट बघायची नाही.

नेमायचा म्हणजे काय? फौजेत ‘बडी’ असतो. प्रत्येक जवानाला एक साथीदार जोडून दिलेला. एकमेकांची रायफल, एकमेकांचं पाणी, एक पडला तर दुसऱ्याने उचलायचं. आम्ही चार-पाच गावांतल्या माजी सैनिकांनी एवढंच केलं, बडी पुन्हा लावून दिला. पंचाहत्तरीच्या पुढचे, एकटे राहणारे जे कोणी आहेत, त्यांची यादी केली. प्रत्येकाच्या नावापुढे पन्नाशी-साठीतला एक माजी सैनिक. आठवड्यातला एक वार ठरलेला. संघटनेचं नाव नाही, पावती पुस्तक नाही, बॅनर तर नाहीच. बॅनर आला की फोटो येतो आणि फोटो आला की माणूस फोटोपुरताच जातो, असा माझा अनुभव आहे.

वार ठरलेला असणं फार महत्त्वाचं. ‘सवड मिळाली की येतो’ म्हणणारा माणूस म्हाताऱ्याला जास्त त्रास देतो, कारण तो रोज वाट बघतो. गुरुवार म्हटलं की तो बुधवारी दाढी करतो. आमच्या एका बडीला आजारपणामुळे जाता आलं नाही तर त्याने दुसऱ्याला पाठवलं, पण वार चुकू दिला नाही. माणूसही शक्यतो तोच हवा. दर वेळी नवा चेहरा आला की म्हातारा पुन्हा ‘एकदम ठीक साहेब’वर जातो.

कागदांचं काम या भेटींतच होतं, आणि ते वेळेत झालं नाही तर मागे राहिलेल्यांचे हाल होतात. क्लार्क म्हणून मला हे सांगितल्यावाचून राहवत नाही. पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, बायकोचं नाव एक, आधारवर दुसरं. लग्नाआधीचं, लग्नानंतरचं, लाडाचं, काहीही. जन्मतारीख तर अंदाजे लिहिलेली. नवरा जिवंत असताना रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून हे दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं असतं. तो गेल्यावर तीच बाई ‘मी त्यांचीच बायको’ हे सिद्ध करत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते. स्पर्शवर मोबाइल नंबर कोणाचा आहे ते बघा. बऱ्याचदा मुंबईच्या नातवाचा असतो आणि ओटीपी तिकडे जातो. डिस्चार्ज बुकाची प्रत काढून दुसऱ्या घरात ठेवा. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं कार्ड चालू आहे का बघा. ही योजना १ एप्रिल २००३ला सुरू झाली आणि त्याआधी निवृत्त झालेल्या कित्येकांनी तेव्हा गावात राहून कार्डच काढलं नाही.

सगळ्यात अवघड अवस्था ज्यांना पेन्शनच नाही त्यांची. लोकांना वाटतं फौजेत गेला म्हणजे पेन्शन आलीच. जवानाला पेन्शनसाठी साधारण पंधरा वर्षांची नोकरी लागते. आई आजारी, जमीन भावकीने दाबलेली, घरात दुसरा कर्ता नाही, अशा कारणांनी कितीतरी जण सात-आठ वर्षांत नाव कापून, म्हणजे नोकरी सोडून आले. लढाई लढून आले, पण हातात काही नाही. अशांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं निर्वाह अनुदान आहे: वय ६५च्या वर, हवालदार किंवा त्याखालचा हुद्दा, पेन्शन नाही. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. पूर्वी महिना ४,००० रुपये होते, २०२५मध्ये ते ८,००० केले. हा पैसा ध्वजदिन निधीतून येतो. ७ डिसेंबरला शाळेत आपण छातीला जो छोटा झेंडा लावून घेतो, १९४९ पासून, तो निधी. पुढच्या वेळी डबा समोर आला की हे आठवा. पण अनुदान मिळवायला ती योजना आहे हे माहीत हवं, आणि डोंगरातल्या वाडीवर एकट्या राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या माणसाला ते कोण सांगणार?

तात्या पुढच्या पावसाळ्यात गेले. त्यांना निमोनिया झाला, तालुक्याच्या एका दवाखान्यात ठेवलं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता मोठ्या दवाखान्यात हलवण्यात अर्थ नाही. मुलं निघाली होती, पण एकाची सुट्टी, दुसऱ्याचा घाट, वेळ लागणार होता. आम्ही ड्युटी लावली. गार्डची लावतात तशीच: दोन तास तू, दोन तास मी, बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. नर्सबाईंना आधी हे चमत्कारिक वाटलं. दोनदा म्हणाल्या, “तुम्ही नातेवाईक आहात का?” आमच्यातला एक हवालदार म्हणाला, “एकाच रेजिमेंटचे आहोत.” त्यांनी स्टूल आणून दिलं.

शेवटच्या रात्री तात्या मराठी बोलायचे थांबले आणि हिंदीत बोलायला लागले. फौजेची हिंदी. “साहब, लाइन टूट गया.” पहिल्यांदा कळेना. मग आठवलं की ते सिग्नल प्लाटूनमध्ये होते, टेलिफोनची तार ओढायचं काम. तार तुटली होती आणि त्यांना ती जोडायला जायचं होतं, हात पांघरुणाखाली काहीतरी शोधत होते. त्या वेळी जो ड्युटीवर होता त्याने त्यांचा हात धरून मोठ्याने सांगितलं, “नाईक, लाइन जुड गया. बात हो रहा है. आराम करो.” ते म्हणाले, “ठीक है साहब,” आणि हात ढिला झाला. थोड्या वेळाने झोप लागली. पहाटे गेले. मुलगा कात्रजपर्यंत आला होता.

पोटच्या मुलाला हे उत्तर देता आलं नसतं, यात त्याचा दोष नाही. त्याला तार कसली ते ठाऊकच नव्हतं. म्हणून मी म्हणतो, शेवटच्या वेळी जवळ माणूस हवा हे खरंच, पण त्या म्हाताऱ्याची भाषा येणारा एक तरी हवा. फौजीला फौजी लागतो.

हा विचार काही आम्हालाच सुचला असं नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यात युजीन इथल्या रुग्णालयात सँड्रा क्लार्क नावाच्या नर्सने २००१मध्ये असंच सुरू केलं. एका मरणासन्न रुग्णाने तिला जवळ बसायला सांगितलं होतं, ती बाकीच्या रुग्णांचं बघून येईपर्यंत तो एकटाच गेला, आणि ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. पुढे तिने स्वयंसेवकांची पाळी लावली: ज्याचं कोणी नाही त्याच्या खाटेशी शेवटपर्यंत कोणीतरी बसेल. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ही पद्धत उचलली. इंग्लंडमध्ये २०१३ साली हॅरॉल्ड पर्सिव्हल नावाचे ९९ वर्षांचे गृहस्थ वारले. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाच्या जमिनीवरच्या कामात होते, जवळचं कोणी नव्हतं. अंत्यसंस्काराला माणसं यावीत म्हणून वर्तमानपत्रात निवेदन दिलं गेलं आणि ११ नोव्हेंबरला, तिकडच्या युद्धस्मृतिदिनी, शेकडो अनोळखी लोक थंडीत येऊन उभे राहिले. वाचून माझा गळा भरून आला होता. पण त्याच बरोबर हेही वाटलं की यातला एक माणूस त्यांच्याकडे दर मंगळवारी गेला असता तर! अंत्ययात्रेला गर्दी आपल्याकडेही होते. आपल्याला कमी पडतो तो मंगळवारचा माणूस.

अंत्यविधीबद्दल एक सांगतो, कारण गावोगाव त्यावरून वाद होतात. प्रत्येक माजी सैनिकाच्या पार्थिवावर तिरंगा घालता येत नाही. ध्वजसंहितेप्रमाणे तो मान शासकीय, लष्करी आणि निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीलाच आहे. तात्यांच्या वेळी तरुण पोरं झेंडा घेऊन आली होती, भावना चांगलीच होती, आम्ही समजावून सांगितलं. झेंड्याऐवजी आम्ही दुसरं केलं. स्मशानात आम्ही सगळे टोप्या घालून फॉल-इन झालो आणि तात्यांचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि ते कुठे-कुठे होते ते मोठ्याने वाचून दाखवलं. गावाने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं की आपला हा मेजर डिसेंबर १९७१मध्ये आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली या पलटणीने ढाक्याकडे जाणारा रस्ता धरून ठेवला. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीने कोंडी फोडून निघायचा प्रयत्न केला तो यांनी मोडून काढला, आणि काही दिवसांतच ढाक्यात शरणागती झाली. वाशीचा मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, “हे आम्हाला कधी बोलले नाहीत.” मी त्याला आमच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवला.

ही वही आमच्या कामातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. जुन्या गावांत तुम्ही इंग्रजांच्या वेळच्या संगमरवरी पाट्या पाहिल्या असतील: या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला गेली, त्यांतली इतकी प्राणास मुकली. सातारा तालुक्यातल्या मिलिटरी अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात कामी आले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण पाटीवर आकडा आहे, नावं नाहीत. ज्यांच्या घरी सांगणारं कोणी उरलं नाही, तो माणूस त्या आकड्यातच संपला. १९७१ला जो बावीस वर्षांचा होता तो आज पंचाहत्तरी ओलांडून गेलाय. अजून पाच-दहा वर्षांत यांचंही तेच होईल. म्हणून बडी दर भेटीत थोडं-थोडं विचारतो आणि लिहितो. लढाईचंच असं नाही. भरतीला कोणाबरोबर गेला, बेळगावच्या ट्रेनिंगमध्ये उस्ताद कोण, पहिल्या पगाराचं काय घेतलं, कोण साथीदार गेला आणि कसा. गेलेल्याचं नाव सांगताना हे म्हातारे हमखास थांबतात. तेव्हा पेन खाली ठेवायचं आणि गप्प बसायचं.

तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत असं कोणी असेल तर तुम्ही फौजी नसलात तरी चालेल. यादीपासून सुरुवात करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद असते, पण ती नोंदणीच्या वेळच्या पत्त्याची असते; माणूस आज कुठे आणि कोणाजवळ राहतो हे गावालाच माहीत असतं. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या नियमांत पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी भेट द्यावी असं आहे. ठाण्यात जाऊन ती यादी आहे का विचारा, नसेल तर तुमची द्या. अडीअडचणीला १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, तो मोठ्या अक्षरात लिहून खाटेजवळच्या भिंतीवर चिकटवा. आणि माणूस गेला तर त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला कळवा. पेन्शन थांबवणं तर आहेच, पण त्याची फाइल जिथे उघडली गेली तिथे शेवटची तारीख कोणाच्या तरी हाताने लिहिली जावी, एवढा त्याचा हक्क आहे.

सध्या माझ्या वाट्याला खटावकडचे एक आजोबा आहेत. महार रेजिमेंटचे. १९७१ला पश्चिम आघाडीवर होते, १९७४ला नाव कापून आले. पेन्शन नाही. बायको गेल्या वर्षी वारली. डिस्चार्ज बुक वाळवीने खाल्लं, पहिली दोन पानं तेवढी राहिली होती, त्यांचाही भुगाच. मी म्हटलं, “आजोबा, नंबर आठवतो का?” त्यांनी असा खडाखडा सांगितला की जणू सीएचएम समोर उभा आहे. त्या नंबरावर मध्य प्रदेशातल्या सागरच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकलं. उत्तर आलंय, भरतीची आणि नाव कापल्याची तारीख दोन्ही मिळाल्या. त्यांचं पश्चिमी स्टार हे मेडल त्यांनी कधी घेतलंच नव्हतं, त्याचाही अर्ज केलाय.

आता निर्वाह अनुदानासाठी त्यांना साताऱ्याला न्यायचंय. गाडीची सोय झाली आहे. वाटेत पुसेगावजवळ त्यांच्याबरोबर भरती झालेला एक जण राहायचा, त्याला भेटता येईल का असं त्यांनी विचारलंय. तो आहे की नाही हे त्यांना माहीत नाही, नाव आणि वाडी एवढंच आठवतं. पुसेगावच्या दोन माजी सैनिकांना मी फोन केलाय. एकाने सांगितलं, तशा नावाचे एक म्हातारे मळ्यात एकटेच राहतात, उद्या जाऊन बघतो.